माझ्या नावाची थुंकी

मी दत्तक आहे हे आमच्या घरात कोणी कधी लपवलं नाही, पण त्याबद्दल फारसं कोणी बोलतही नसे. अर्नाळ्यात ते सगळ्यांना माहीत होतं. लग्नाला बरीच वर्षं होऊनही आय-पप्पांना मूल झालं नाही, तेव्हा ते सिस्टरांच्या अनाथालयात गेले आणि मला घेऊन आले. ही हकिगत आय सांगायची तेव्हा ती नेहमी एकाच ठिकाणी सुरू व्हायची. "तू पालन्यात पालथी पडली होतीस. मी उचललं तर माझा पदर असा धरलास, की सिस्टर हसायला लागली." त्याच्या आधीचं काही नव्हतं. मला कोणी ठेवलं, का ठेवलं, ते माणूस कुठल्या गावचं, काय बोलणारं, काय खाणारं, यातलं सिस्टरांनाही काही ठाऊक नव्हतं. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचीच सुरुवात अशी पाळण्यातून होते.

आमचं घर किनाऱ्यापासून जवळ. पुढच्या अंगणात आणि त्याच्याही पुढे वाळूत बांबूच्या वलांड्या, म्हणजे मासळी सुकवायच्या आडव्या दांड्या, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील. पहाटे पप्पांच्या होडीचं इंजिन सुरू व्हायचं तो आवाज मला कधी ऐकूच यायचा नाही, इतकी त्याची सवय होती. तो बंद पडला की जाग यायची. आय मागच्या पायरीवर बसून मिसरी लावायची. मिसरीचं बोट तोंडात असेपर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हा घरचा कायदा. मग चूळ भरली की दिवस सुरू. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, आणि माझ्यासाठी डब्यात वेगळं काहीतरी, कारण कॉलेजात मी सुकं नेत नसे. माझे कॉलेजचे कपडे आय एका प्लास्टिकच्या पिशवीत साबणाची वडी घालून, गाठ मारून ठेवायची. मी तिला तसं करायला कधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी एकदा मी बसमध्ये चढण्याआधी ओढणीचा वास घेताना तिनं पाहिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पिशवी सुरू झाली.

वलांडीवर बोंबील लावणाऱ्या बायका गप्पांना काही नसलं की माझ्या केसांवर यायच्या. माझे केस बारीक कुरळे, आणि अंगानं मी आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुलींपेक्षा उंच. "फिलूची पोर गोव्याकडची असनार," एक म्हणायची. दुसरी म्हणायची, "नाय गो, मद्रासकडली. हाडं बघ तिची." आय बोंबील लावता लावता म्हणायची, "माझी हाय ना, मग तुमाला कशाला पायजे?" त्या हसायच्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मासा हातात घेऊन तो कुठल्या पाण्यातला हे सांगावं, तसं त्या माझ्याबद्दल बोलायच्या. पण मी मान खाली घालून हसायचे, आणि त्या हसण्याची मला नंतर दिवसभर लाज वाटायची.

घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दुसऱ्या वर्षाला आम्हाला आनुवंशिकतेचं प्रात्यक्षिक होतं. घरातल्या माणसांच्या कानाच्या पाळ्या सुट्या आहेत की गालाला चिकटलेल्या, जीभ कोणाची वळते, कोणाची नाही, हे बघून तक्ता काढायचा. मी घरी सगळ्यांचे कान पाहिले. आयच्या पाळ्या सुट्या, पप्पांच्याही सुट्या. आयच्या भावाच्या, इनास मामाच्या, तेवढ्या चिकटलेल्या. माझ्याही चिकटलेल्या. मामा आमच्यापासून चार घरं सोडून राहायचा. त्याचा कान पाहायला मी गेले तेव्हा तो जाळं शिवत बसला होता. "काय गो, डॉक्टरीन झालीस का आताच?" म्हणत त्यानं दोन्ही कान आळीपाळीनं पुढे केले. मी तक्त्यात मामापासून माझ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि कानाची पाळी खाली उतरवली. शास्त्र म्हणून ते बरोबर दिसत होतं. मॅडमनी त्यावर बरोबरची खूण केली. वही मी लगेच मिटून टाकली.

त्याच वर्षी नाताळला शेरॉन आली. शेरॉन मामाची एकुलती मुलगी, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, कॅनडात नर्स. ती आली की गल्लीत चॉकलेटचा वास यायचा. तिनं माझ्यासाठी एक पांढरा खोका आणला होता. आत एक प्लास्टिकची नळी, तिच्यावर बसवायचं छोटं नरसाळं, आणि निळं पाणी भरलेलं झाकण. "तिकडे सगळे करतात हे," ती म्हणाली. "नळीत थुंकायचं, लॅबला पाठवायचं. मग ते सांगतात आपण कुठून आलो. मीपण केलंय. तुझंही करू या. तुला कळायला नको?"

कळायला हवं होतं. इतकं हवं होतं की मी लगेच हो म्हणाले नाही. मी आयकडे पाहिलं. ती फुगे तळत होती, नाताळचे गोल गोल तळलेले पाव, आणि झाऱ्यावरचा फुगा तिनं तेलात परत सोडला.

"थुंकीवरनं काय कलतं?" ती म्हणाली.

"सगळं कळतं, आत्ये," शेरॉन म्हणाली. "कुठल्या भागातली माणसं, कुठली जात-जमात, सगळं त्यात लिहिलेलं असतं."

"कोली की कोन तेपन?"

"तसंच काहीतरी. नकाशा येतो रंगवलेला."

पप्पा खाटेवरून म्हणाले, "करू दे पोरीला. शिकते ना ती त्येच." त्या दिवशीचे फुगे जरा करपले.

थुंकी काढणं इतकं कठीण असेल असं मला वाटलं नव्हतं. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही, आणि मग नळीवरच्या रेघेपर्यंत भरायचं. मी सकाळी अल्ताराच्या, म्हणजे आमच्या घरातल्या देवाच्या फळीखाली बसले आणि थुंकायला लागले. तोंड कोरडं पडलं. चिंच आठवली, कैरी आठवली. देवाच्या पुढ्यात बसून थुंकते आहे याची लाज वाटली म्हणून तोंड भिंतीकडे केलं. शेवटी रेघ गाठली, पण वर सगळा फेस होता, आणि फेस बसल्याशिवाय झाकण लावू नये असं शेरॉननं बजावलं होतं. तेवढ्यात बाहेरून पप्पांची हाक आली. होडी लागली होती, लिलाव सुरू व्हायचा होता, टोपल्या उचलायला माणूस कमी होतं. मी नळी एका पेल्यात उभी करून फळीवर ठेवली. "आय, ही सांडू देऊ नको हां," म्हणून मी किनाऱ्यावर पळाले.

परत आले तेव्हा फेस बसला होता आणि नळी बरोबर रेघेपर्यंत भरलेली होती. तळाशी किंचित तपकिरी झाक वाटली. सकाळच्या चहाची असेल, असं मला वाटलं. झाकण लावलं, निळं पाणी खाली उतरलं, शेरॉननं खोका बॅगेत टाकला आणि ती गेली. त्या दिवशी आयनं जेवण फार चांगलं केलं होतं. बोंबलाचं कालवण, तळलेली कोळंबी. मला ती पुन्हा पुन्हा वाढत होती, आणि मला वाटलं, मी दुरावू नये म्हणून ही लाडीगोडी.

निकाल शेरॉनच्या फोनवर आला. तेव्हा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला होता, ईस्टरच्या आधीचे ते उपवासाचे आठवडे. मी कॉलेजातून येऊन कपडे पिशवीत घालत होते तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. ती रडत होती आणि हसतही होती. नकाशावर आपल्याच किनाऱ्याची पट्टी रंगवलेली होती, कोकण आणि उत्तरेला थोडं वर, हुबेहूब तिच्या स्वतःच्या नकाशासारखी. पण ती रडत होती ते त्याच्यामुळे नव्हे. त्या कंपनीकडे ज्यांची थुंकी असते त्यांची ते एकमेकांशी तुलना करतात, आणि शेरॉनच्या नावापुढे माझं नाव आलं होतं. जवळचं रक्त. एवढं रक्त जुळलं की ती दोन माणसं सावत्र बहिणी असतात, किंवा आत्या-भाची, किंवा आजी-नात, असं तिथं लिहिलं होतं.

"आत्या तर तू असू शकत नाहीस माझी," शेरॉन म्हणाली. "मी तुला कडेवर घेतलंय. म्हणजे एकच उरतं ना? तू माझ्या डॅडींची आहेस. तू माझी बहीण आहेस, अगं."

मला काय वाटलं ते मी इथे लिहिते, कारण ते न लिहिता पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. मामाचं लग्न झालेलं, शेरॉन आठ वर्षांची, आणि त्याच वेळी मामाला बाहेर कुठेतरी मूल होतं, याचा अर्थ काय होतो हे मला समजत होतं. मामा तेव्हा मुंबईच्या गोदीत कामाला असायचा आणि आठवड्यानं घरी यायचा, हेही मला माहीत होतं. तरी मला आनंद झाला. मी कोणाच्यातरी पापातून आले होते, पण ते माणूस इथलं होतं, चार घरांवरचं होतं, त्याच्या कानाच्या पाळ्या माझ्यासारख्या होत्या. दुसऱ्या दिवशी वलांडीवर त्या बायकांपुढे मी पहिल्यांदा मान वर करून बोंबील लावले. हे आज आठवलं की मी जिथे असते तिथे डोळे मिटून घेते.

आयला मी तेच सांगितलं. तिला वाटलं होतं की नकाशा येईल आणि तेवढ्यावर थांबेल. ती ऐकत राहिली. "इनासची?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "तुला ठाऊक नव्हतं?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या चेहऱ्यावर जे काय होतं ते बघून तिनं तोंड उघडून परत मिटलं. मग मागच्या पायरीवर जाऊन संध्याकाळच्या वेळी ती मिसरी लावत बसली. संध्याकाळी ती कधी लावत नसे.

शेरॉननं तिच्या आईला, म्हणजे मामीला, आधीच सांगितलं होतं. तिकडे राहून तिला वाटत असावं की खरं बोलून टाकलं की माणसं हलकी होतात. मामीनं मामाशी बोलणं बंद केलं. रविवारी चर्चमध्ये मिस्साला ती बायकांच्या अगदी शेवटच्या बाकावर बसली आणि मामा पुढे एकटा. गल्लीत असं काही लपत नाही. मामा शपथा घालत होता. आधी मामीपुढे, मग पप्पांपुढे, मग जाळं शिवताना जो येईल त्याच्यापुढे. "आईशपत सांगतो, मला कायबी म्हायती नाय," तो म्हणायचा, आणि त्याच्या या कळवळ्यानं लोकांना ते अधिकच खोटं वाटायचं. कुमसाराला, म्हणजे फादरकडे पापं कबूल करायला, रांग लागायची तेव्हा मामा किती वेळ गुडघ्यांवर होता हे बायका बाहेर उभ्या राहून एकमेकींना सांगायच्या. एकदा तो आमच्या दारावरून जाताना थांबला. मी अंगणात होते. तो माझ्याकडे खूप वेळ पाहत राहिला, माझ्या केसांकडे, पायांकडे, जणू तोसुद्धा शोधत होता. मग हळूच म्हणाला, "पोरी, मी असतो ना, तर तुला तिथं ठेवली नसती. घरी आनली असती." आणि गेला. मी त्याला हाक मारली नाही. हाक मारायला काय म्हणायचं, हेच मला कळेना.

प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या गावातून क्रुसाची वाट निघते. येशूच्या शेवटच्या चालण्यातलं एकेक स्थान एकेका घरापुढे. त्या घरानं दारात लहान टेबल मांडायचं, त्यावर इस्त्रीची पांढरी चादर, क्रूस, दोन मेणबत्त्या. लाकडी मोठा क्रूस त्या घरातल्या माणसानं खांद्यावर घ्यायचा आणि पुढच्या घरापर्यंत न्यायचा. मामाच्या घरापुढचं स्थान त्याच्या बापाच्या वेळेपासूनचं. ते कधी चुकलं नव्हतं, मयत होतं त्या वर्षीसुद्धा नाही.

त्या शुक्रवारी आम्ही सगळे गात गात मामाच्या दाराशी आलो, आणि टेबल नव्हतं. दार अर्धं लावलेलं. फादर थांबले, मागची माणसं पुढच्यांच्या पाठीवर आदळली, गाणं मध्येच विझलं. मामा बनियनवर बाहेर आला. "फादर, आमच्याकडं यंदा नको," तो म्हणाला. "पुढच्या घरी न्या." खिडकीच्या गजांमागे मामी उभी होती. गर्दीतून कोणीतरी बाप्या बोलला, "कुमसार पुरं झालं नसंल अजून," आणि तोंडावर हात धरून हसल्याचे आवाज आले. मामानं ते ऐकलं. हातात काही नव्हतं म्हणून तो बनियनचं टोक चोळत उभा राहिला.

माझ्या शेजारची आय तेव्हा पुढे गेली.

"फादर, थांबा," ती म्हणाली. "इनासनं काय केलेलं नाय. त्या नलीत मी थुंकले."

कोणालाच काही समजलं नाही. फादर हळू आवाजात म्हणाले, "फिलोमिना, आपण नंतर बोलू."

"नंतर नाय. नंतर माझ्यानं होनार नाय." तिनं डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "पोर किनाऱ्यावर गेली तवा मी तिची थुंकी मोरीत ओतली. नली गरम पान्यानं धुतली. आनी माझी भरली. मला वाटलं, ते लोक लिवतील, अर्नाल्याची कोली, आनी विषय संपंल. त्या शेरॉनच्या थुंकीशी माझी लावून बगतील ते मला काय ठाव! म्हनून ते आत्या-भाची जुलली. ती मी हाय. आत्या मीच हाय."

मग एक म्हातारी म्हणाली, "तू थुंकलीस? त्या परदेशच्या नलीत?" आणि मग जे हसू फुटलं ते मागपर्यंत गेलं. मेणबत्त्या हातात धरून माणसं हसत होती, फादरांनी खाली पाहिलं होतं. आय त्या हसण्यात सरळ उभी होती. घरात कोणी मोठ्यानं बोललं तरी जी उठून मागच्या पायरीवर जाते ती माझी आय.

मामी खिडकीतून गरजली, "मिसरी धुतली होतीस का गो तोंडातली, का तशीच थुंकलीस?"

"धुतली होती," आय म्हणाली. "थोडी राह्यली असंल."

मला त्या नळीच्या तळाची तपकिरी झाक आठवली. तेवढ्यात घरातून टेबल ओढल्याचा आवाज आला. मामीनं ते दारात आणून आपटलं, चुरगळलेलीच चादर त्यावर टाकली, मेणबत्ती लावताना तिची काडी दोनदा विझली म्हणून शेजारणीनं लावून दिली. मामा सदरा घालायला आत पळाला. उलटा घातला तरी कोणी त्याला सांगितलं नाही. त्यानं क्रूस खांद्यावर घेतला आणि वाट पुढे निघाली.

मी मात्र तिथंच उभी राहिले. माणसं माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती आणि जाता जाता माझ्याकडे पाहत होती. मी मामाची नाही हे सगळ्यांनी एकाच वेळी ऐकलं होतं. आणि गेले काही दिवस मी मान वर करून का फिरत होते, हेही त्यांना आता कळलं होतं. आयची लाज तिनं स्वतः उघड केली होती, ती तिच्या अंगावर शोभत होती. माझी दुसऱ्यांनी उघडी पाडली होती.

नंतर मामा घरी आला तेव्हा आय जमिनीकडे बघून बसली होती. "तुझ्या थुंकीनं माझा संसार बुडवायला काढला होतास," तो तिला म्हणाला आणि स्वतःच हसला. मग माझ्याकडे वळून: "आनी तू काय गो तोंड पाडून बसलीस? मामाचा बाप व्हायला निघालो होतो, परत मामा झालो. उतरलो का मी?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं माझ्या डोक्यावर टप्पल मारली. ती जरा जोरात लागली आणि मला रडायला निमित्त मिळालं.

आयशी मी बरेच दिवस नीट बोलले नाही. कपड्यांची पिशवी ती तशीच गाठ मारून ठेवत होती, मी ती गाठ रोज सोडत होते. एके दिवशी बोंबील लावताना मी विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? मामाचे एवढे हाल झाले."

तिनं एका बोंबलाचा जबडा दुसऱ्यात अडकवला, पुन्हा सोडवला. "सांगनार होते. तू आलीस ती हसत. इतकी हसलेली मी तुला पाह्यली नव्हती. म्हटलं, राहू दे आजचा दिवस. मग उद्याचा." पुढचा बोंबील उचलत ती म्हणाली, "शेरॉनला सांग, दुसरी नली पाठव म्हनावं. या टायमाला मी घरात थांबनारच नाय."

ती खरंच थांबली नाही. दुसरी नळी आली तेव्हा ती बाहेर जाऊन वाळूत बसली, घराकडे पाठ करून, आणि मी झाकण लावून बाहेर येईपर्यंत तिनं वळून पाहिलं नाही.

या खेपेचा नकाशा वेगळा होता. रंग समुद्रापासून खूप आत पडला होता, देशाच्या मधल्या भागावर, एक मोठा पसरट डाग. त्यात गाव नाही, जात नाही, नाव नाही. जवळचं रक्त कोणाचंच नव्हतं. लांबची काही नावं होती. मी दोघांना निरोप पाठवले, उत्तर आलं नाही. आता मला कॉलेजात नोकरी लागली आहे, मी तेव्हा होते त्या वयाच्या मुलींना मी तेच कानाच्या पाळ्यांचं प्रात्यक्षिक शिकवते, आणि घरी तक्ता काढायला सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. ज्यांना नको असेल त्यांनी शेजाऱ्यांचे कान पाहिले तरी चालतील, असं मी म्हणते. मुली हसतात.

तो नकाशा आला त्या दिवशीच मी आयला दाखवला. ती जेवायला बसायच्या तयारीत होती, हात धुऊन आली होती. ओला हात लागू नये म्हणून तिनं फोन मलाच धरायला लावला आणि वाकून पाहिलं.

"आपन कुठं यात?" तिनं विचारलं. मी किनाऱ्यावर बोट ठेवलं.

"आनी हे तुझं?" मी डागावर बोट नेलं. दोन्हींमधलं अंतर तिनं डोळ्यांनी मोजलं.

"इथं समुद्र नाय ना कुठं?"

"नाही. खूप लांब आहे."

"मग मासली?"

"नदीची असेल थोडीफार. रोजची नसेल."

ती सरळ झाली. तिनं ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू आलीस तवा वर्षभर मासली ओकायचीस. कालवन तोंडात घातलं की बाहेर. मी तुझं नाक दाबून घालायची. एकदा मारलंपन. सगल्या म्हनायच्या, कोल्याची पोर अन् मासली खात नाय, लाज नाय वाटत?" तिनं पदरानं ओठ पुसले, जेवण अजून सुरूही झालं नव्हतं तरी. "मला कुनी सांगितलं असतं ना पोरी, तर मी वरनभात केला असता."

मी फोन पालथा ठेवला. तिच्याकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही.